पान दोनशे चौदावरचा भुंगेरा

कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात वरच्या मजल्यावर कीडशास्त्राचा विभाग आहे. त्या विभागाच्या दारातल्या टेबलाशी एकतीस वर्षं एक बाई बसायच्या. समोर त्यांना सगळे 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'खुलासाबाई'. हे पाठीमागचं नाव त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते कुणी ठेवलं, कुठल्या वर्षी आणि उपाहारगृहाच्या कुठल्या टेबलावर, हेसुद्धा ठाऊक होतं. ग्रंथालयातल्या माणसाचा पिंडच तसा. नोंद झाल्याशिवाय त्याला घास गोड लागत नाही.

बाई रुजू झाल्या तेव्हा विभाग म्हणजे जिन्याखालचं एक पत्र्याचं कपाट होतं. आत एकशे बारा पुस्तकं. त्यातली चाळीस गुरांच्या रोगांवरची, तीन शिवणकामाची आणि एक कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम. कपाटाची किल्ली हरवली होती, त्यामुळे ते कायम उघडं असे. तरी त्यातलं एकही पुस्तक आजवर चोरीला गेलं नव्हतं. बाईंना याचंच फार वाईट वाटलं. ज्या संग्रहातलं पुस्तक कुणाला चोरावंसंही वाटत नाही, तो संग्रह कसला? साहेबांनी सांगितलं, यादी करा. बाईंनी यादी केली, पण ती कपाटात काय आहे याची नव्हती, काय नाही याची होती. ती एकोणचाळीस पानांची झाली.

नवी पुस्तकं मागवायची तर अर्ज वर जायचा आणि वरच राहायचा. म्हणून बाईंनी जुन्यांकडे मोर्चा वळवला. निवृत्त होणारा प्रत्येक शास्त्रज्ञ घरी जाताना अर्धं ग्रंथालय बरोबर नेतो आणि माळ्यावर टाकतो, हे त्यांनी हेरलं होतं. रविवार उजाडला की बाई आणि विभागाचे शिपाईमामा हातगाडी घेऊन कुणाच्या ना कुणाच्या दारात उभे. नाकतोड्यांवर जन्म घालवलेल्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञांच्या घरी त्यांच्या बायकोने दार उघडल्या उघडल्या विचारलं, "सगळं नेणार ना?"

"सगळं," बाई म्हणाल्या.

"माळ्यावरचं? पलंगाखालचं?"

"तेही नेतो."

"गाडीत जागा उरली तर यांनाही न्या. हे पण तुमच्याच विषयाचे."

शास्त्रज्ञ शेजारीच उभे होते. ते गाडीच्या मागून चालत ग्रंथालयापर्यंत आले, शेवटचं पुस्तक फळीवर लागेपर्यंत थांबले, आणि पुढची सहा वर्षं रोज अकराच्या ठोक्याला येऊन आपलीच पुस्तकं वाचत बसले. म्हणजे बायकोची इच्छाही पुरी झाली.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसं ते साचलं. पुस्तकं आली, जुनी नियतकालिकं आली, गावोगावच्या कृषी अधिकाऱ्यांनी टंकून पाठवलेले किडींचे अहवाल आले. दर खेपेला आधी बियाणे विभागाच्या डीप फ्रीजरमध्ये पंधरा दिवस मुक्काम व्हायचा, कारण घरोघरच्या पुस्तकांबरोबर घरोघरची कसर, वाळवी आणि झुरळांची अंडी येतात. बियाणेवाले कुरकुरायचे. बाई म्हणायच्या, "किडींवरची पुस्तकं किडींनी खाल्ली, तर आपण तोंड कुठे दाखवायचं?" मांडणीही बाईंची स्वतःची. जगभरच्या ग्रंथालयांत पुस्तकं क्रमांकाने लागतात. पण ज्याच्या वांग्याला भोक पडलंय तो माणूस क्रमांक विचारत येत नाही, वांगं घेऊन येतो. म्हणून इथे एका कपाटात वांगं, दुसऱ्यात कोबी, तिसऱ्यात टोमॅटो, चौथ्यात मका, आणि पलीकडच्या भिंतीला साठवलेलं धान्य. एकतीस वर्षांत जिन्याखालचं कपाट वरच्या मजल्यावर चढलं आणि एकशे बाराचे अकरा हजार सहाशे ग्रंथ झाले.

गंमत म्हणजे बाईंना किडे ओळखता येत नसत. कुठली कीड कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर आहे, हे त्या झोपेतही सांगतील. पण समोर जिवंत किडा आला तर त्यांच्या लेखी किडे दोनच जातींचे: कागदावर डाग पाडणारे आणि न पाडणारे.

आणि या संग्रहाचा खरा शत्रू कसर नव्हती, वाळवीही नव्हती. खरा शत्रू होता कीटकशास्त्रज्ञ.

त्याचं असं असतं की तो पुस्तक घेऊन शेतात जातो. तिथे त्याला किडा दिसतो. चित्राशी ताडून पाहावा तर किडा एका जागी बसत नाही. किडे ठेवायची डबी घरी राहिलेली असते. मग हा विद्वान माणूस किडा उचलतो, पुस्तकात ठेवतो आणि पुस्तक मिटतो. संध्याकाळी बघू म्हणतो आणि संध्याकाळी विसरतो. पंधरा दिवसांनी पुस्तक परत येतं तेव्हा अळीच्या चित्रावर खरी अळी असते, आणि खऱ्या अळीमुळे चित्रातली अळी दिसत नाही. जगातला दुसरा कुठलाही वाचक असं करत नाही. दंतवैद्य काही पुस्तकात दात ठेवून परत करत नाहीत.

चौथ्या वर्षी खुद्द कीटकशास्त्राच्या विभागप्रमुखांनी एक कोरं करकरीत, रंगीत चित्रांचं पुस्तक परत केलं. पान अठ्ठ्याऐंशीवर हिरवा डाग, डागाच्या मधोमध अळी. बाईंनी विचारलं, तर म्हणाले, "ती आधीपासूनच होती."

"सर, पुस्तकाचं पाकीट तुम्हीच फोडलंत. माझ्यासमोर."

"मग छापखान्यात गेली असेल."

त्या दिवशी बाईंचं डोकं फिरलं आणि नियम जन्माला आला. परत आलेलं प्रत्येक पुस्तक, आणणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत उलटायचं. किडा सापडला की चिमट्याने उचलून कागदी पाकिटात घालायचा, पाकिटावर तारीख आणि क्रमांक टाकायचा. तो पुरावा. मग आणणाऱ्याने तिथेच टेबलाशी बसून लेखी खुलासा द्यायचा: कोणता कीटक, कुठे सापडला, कधी, कोणत्या पिकावर, आणि पुस्तकात का ठेवला. खुलासा होईपर्यंत दुसरं पुस्तक नाही. शास्त्रज्ञांनी कुलसचिवांकडे तक्रार केली. कुलसचिवांना किड्यांची मनस्वी किळस होती. त्यांनी बाईंच्या बाजूने निकाल दिला.

त्या फायली म्हणजे वाचायची चीज आहे. एका तरुण संशोधकाने लिहिलं आहे, 'कोबीच्या वाफ्यात, सकाळी सव्वानऊ. अभ्यासासाठी मारला नाही. रागाने मारला.' एका प्राध्यापकाने लिहिलं, 'सदर फुलपाखरू चित्रातल्या फुलपाखरावर आपण होऊन येऊन बसले. दोघांची ताटातूट करणे जिवावर आले.' आणि त्याच विभागप्रमुखांचा एक खुलासा आहे: 'हा साधा डास आहे. तो माझ्या कपाळावर बसला होता. त्यावर पुस्तक कुणी मारले हे निश्चित सांगता येत नाही. घरात आम्ही दोघेच असतो.' असे दोन हजार तीनशे सत्तेचाळीस खुलासे, एकोणीस फायली. प्रत्येक खुलाशाला त्याचं पाकीट टाचलेलं, प्रत्येक पाकिटात आरोपी. सगळं विद्यापीठ हसायचं. बाई हसत नसत.

हिशेब असा चोख होता, एका पाकिटाचा अपवाद सोडून.

क्रमांक सातशे चार. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. संशोधन करणारा एक विद्यार्थी होता, इतका उंच की बाईंनी त्याचं नाव 'ताडमाड' ठेवलं होतं. पोरगा हुशार, वाचायचा भरपूर, आणि बाईंचा लाडका. म्हणजे बाई त्याच्यावर इतरांपेक्षा थोडं कमी ओरडायच्या. पुढच्या शिक्षणाला तो परदेशी निघाला त्या दुपारी धावत पळत शेवटचं पुस्तक परत करायला आला. पान दोनशे चौदावर एक भुंगेरा निघाला. बाहेर गाडी उभी, गाडीवाला भोंगा वाजवतोय. ग्रंथालयाचं याच्याकडे काही राहिलेलं नाही, या दाखल्यावर बाईंची सही हवी होती.

"बाई, आत्ता सही द्या. खुलासा परत येऊन लिहितो. शप्पथ."

बाईंनी सही दिली. एकतीस वर्षांच्या नोकरीत केलेली एकमेव खोटी सही. पोरगा गेला तो गेलाच. तेव्हापासून त्यांच्या वरच्या खणात एक पाकीट, एक कोरा कागद आणि त्यावर लाल शाईत लिहिलेला एकच शब्द होता: प्रलंबित. खण उघडला की तो शब्द त्यांना कुसळासारखा टोचायचा.

ताडमाड पुढे मोठा झाला, उंचीने नव्हे तर मानाने. टोमॅटो फस्त करणारा पिवळ्या कमरेचा भुंगेरा देशात कसा आला, हे त्याने शोधून काढलं. चौदा वर्षांपूर्वी, परदेशी रोपांच्या एका खेपेबरोबर. त्या शोधावर त्याला पदकं मिळाली, संस्थेचं संचालकपद मिळालं. बाहेरून येणारी रोपं तपासायचे नियमसुद्धा त्याच्या निबंधावरून ठरले. तो निबंध बाईंनी टोमॅटोच्या कपाटात लावून ठेवला होता. वर पुठ्ठ्याचं वेष्टनही घातलं होतं. लाडका तो लाडका.

आणि यंदा, बाईंच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना, नवे कुलगुरू आले. त्यांनी वरचा मजला पाहिला आणि त्यांना तिथे संगणक दालन दिसायला लागलं. पुस्तकं आता संगणकात असतात, म्हणाले. तीन जणांची समिती नेमली. समितीला इथे वेगळं काही दिसलं नाही, तर अकरा हजार सहाशे ग्रंथ शेताकडच्या गोदामात जाणार होते. तिथे खताच्या पोत्यांबरोबर उंदरांची पाचवी पिढी नांदत होती. बाईंचं सगळं आयुष्य तिथे जाणार होतं, दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर.

समितीचे अध्यक्ष म्हणून विद्यापीठाचे नामवंत माजी विद्यार्थी बोलावले होते. कोण ते सांगायला नकोच.

बाईंचे यजमान घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. डोळ्याला भिंग लावून दिवसभर ते दुसऱ्यांची वेळ दुरुस्त करत. सकाळच्या चहाला त्यांनी भिंग काढून बाजूला ठेवलं, म्हणजे विषय गंभीर होता.

"अगं, त्या माणसासमोर खुलासा हा शब्द काढायचा नाही."

"मी कशाला काढते?"

"मी तुला ओळखतो. आपल्या लग्नात माझ्या मामांनी ग्रंथालयाचं पुस्तक ठेवून घेतलंय म्हणून तू त्यांना मांडवात हटकलं होतंस."

"दोन वर्षं झाली होती त्या पुस्तकाला."

"खोली वाचवायचीय की पाकीट? एक काय ते ठरव."

बाईंनी कानाला हात लावला. खोली, म्हणाल्या. जाताना त्यांनी नेहमीप्रमाणे यजमानांचं एक जुनं भिंग पिशवीत टाकलं. पानांतले बारीक किडे शोधायला ते बरं पडायचं.

ग्रंथालयात मुख्य ग्रंथपाल जिन्यातच गाठायला उभे होते. त्यांना सगळे बघूसाहेब म्हणत, कारण आग लागली सांगितलं तरी ते 'बघू' म्हणाले असते. आज मात्र त्यांनी चक्क हात जोडले.

"बाई, ते सातशे चार... आज नको हं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळ्या विद्यापीठाला माहीत आहे, बाई. माळ्यांनासुद्धा."

बाईंनी त्यांनाही शब्द दिला. शिपाईमामांनी तर खबरदारी म्हणून वरचा खण बंद करून किल्ली आपल्या खिशात टाकली होती.

अकरा वाजता समिती आली. अध्यक्ष अजून तितकेच उंच, फक्त केस पिकलेले आणि डोळ्यांवर चष्मा. दाराशी वाकून आत आले, बाईंना पाहून थबकले, आणि नमस्कार करून झटकन मक्याच्या कपाटाकडे बघायला लागले. म्हणजे त्यांनाही आठवत होतं. दुसरे सदस्य तरतरीत, हातात टॅब. तिसरे सदस्य बिस्किटांची बशी दिसताच तिच्याजवळ बसले, आणि समितीच्या कामात त्यांचा तेवढाच सहभाग राहिला.

बाईंनी एकेक रत्न काढून दाखवायला सुरुवात केली. नाकतोड्यांवरचा दुर्मिळ ग्रंथ दाखवला. टॅबवाल्यांनी बोट फिरवलं. "आहे. चित्रांसकट." साठवलेल्या धान्यावरचं पन्नास वर्षांचं नियतकालिक दाखवलं. "हेही आहे. शोधताही येतं." बाईंनी घाम पुसला आणि हुकमाचं पान काढलं, गावोगावचे टंकलेले अहवाल. ते तर जगात दुसरीकडे कुठेच नसणार. टॅबवाल्यांनी दोन क्षण पाहिलं आणि म्हणाले, "हे बघा. गेल्या वर्षी कृषी खात्याने स्कॅन करून टाकलेत."

ते अहवाल स्कॅन करायला बाईंनीच दिले होते, पोतीच्या पोती, सुतळीने बांधून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बघूसाहेब छताकडे बघू लागले.

तासाभरात बाईंची एकतीस वर्षं टॅबवाल्यांच्या अंगठ्याखाली गेली. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, मला वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. "मी इथेच शिकलो. पण एक तरी गोष्ट दाखवा, जी दुसरीकडे कुठेच नाही. एक दाखवा, मी सही करतो."

बाईंनी कपाटांकडे पाहिलं. वांगं, कोबी, टोमॅटो, मका. पोत्यांमध्ये हे सगळं कसं दिसेल ते त्यांना दिसलं. त्यांना रडू आलं नाही, राग आला. आयुष्यभर त्यांना रडूच्या जागी रागच यायचा. यजमान, बघूसाहेब, दिलेला शब्द, सगळं एका झटक्यात बाजूला झालं.

"आहे एक," त्या म्हणाल्या. "तुझा खुलासा."

बघूसाहेब मिळेल त्या खुर्चीत बसले. तिच्यावर बिस्किटांची बशी होती.

"अहो बाई..." ते पुटपुटले.

"परत येऊन लिहितो म्हणाला होतास. आलास ना परत? मामा, किल्ली द्या."

शिपाईमामांनी निमूट किल्ली दिली. पाकीट, कोरा कागद, लाल शाईतला शब्द, सगळं टेबलावर आलं. अध्यक्ष आधी लाजले, मग हसले. "बाई, तुम्ही अजून ठेवलंत?" म्हणत त्यांनी पाकीट उघडून भुंगेरा हातावर घेतला. बाईंनी पिशवीतून भिंग काढून दिलं.

अध्यक्षांनी भिंग डोळ्याला लावलं आणि त्यांचं हसू विरलं. भुंगेरा उलटा करून पाहिला. परत सुलटा केला. मग विचारलं, "पुस्तक कुठाय?"

बाईंनी टोमॅटोच्या कपाटातून पुस्तक काढून दिलं. पान दोनशे चौदा. कागदावर भुंगेऱ्याच्या आकाराचा तांबूस डाग होता, आणि मागे परतीच्या तारखेचा शिक्का. बावीस वर्षांपूर्वीचा.

"हा पिवळ्या कमरेचा भुंगेरा आहे," अध्यक्ष म्हणाले.

टॅबवाले चटकन म्हणाले, "पण सर, तो तर चौदा वर्षांपूर्वी देशात आला ना? तुमचंच संशोधन आहे." आणि वाक्य संपता संपता त्यांच्याही ध्यानात आलं.

बाईंच्याही ध्यानात आलं. पाहुणा देशात आला म्हणून ज्याने जगाला सांगितलं, त्यानेच तो पाहुणा त्याच्या आठ वर्षं आधी, याच विद्यापीठात शिकत असताना, न ओळखता, पुस्तकात दाबून मारला होता. पदकं, संचालकपद, नियम, सगळं त्या डागावर उभं होतं, आणि डाग टेबलावर पसरलेला होता.

अध्यक्षांनी भुंगेरा जपून पाकिटात घातला. "हे मी बरोबर नेतो. प्रयोगशाळेत नीट तपासतो आणि परत पाठवतो."

"पाकीट इथून हलणार नाही," बाई म्हणाल्या. "परत येण्याचं एकदा ऐकून घेतलंय मी."

"आणि कुठे सापडला ते आठवत नाही, असं लिहिलं तर?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. बावीस वर्षांपूर्वी गाडीवाला भोंगा वाजवत होता, तेव्हाचा आवाज.

बाईंना त्या क्षणी त्याची दया आली. खोली त्यांना हवीच होती, जीव तुटत होता खोलीसाठी. पण खोलीसाठी या पोराकडून काही वदवून घ्यायचं, हे त्यांच्या नियमात बसत नव्हतं.

"आठवत नसेल तर तसं लिही," त्या म्हणाल्या. "मी फाइलला लावीन. खुलासा खरा हवा, एवढीच अट. मी तुझ्यावर विश्वास ठेवून एक खोटी सही केली होती रे. बावीस वर्षं मला ती पचली नाही. तेवढी सोडव. खोलीचं काय व्हायचं ते होऊ दे."

अध्यक्ष उभेच राहिले. मग त्यांनी विद्यार्थ्यांचं बुटकं बाक ओढलं, गुडघे कसेबसे टेबलाखाली कोंबले आणि लिहायला लागले. पाऊण तास लागला. बिस्किटं मोडली होती तरी तिसऱ्या सदस्यांनी ती संपवली.

अध्यक्षांनी लिहिलं: 'पिवळ्या कमरेचा भुंगेरा, नर. विद्यापीठाच्या शेतातील पश्चिमेकडचा टोमॅटोचा वाफा, विहिरीजवळ. पुस्तक परत करण्याच्या तीन दिवस आधी, दुपारी साडेचार. आठवते, कारण त्या दिवशी अंगावर आणखी दहाबारा होते आणि मी ते झटकून टाकले. ओळखता आला नाही. ही कीड चौदा वर्षांपूर्वी आली असे मी पुढे लिहिले, ते चूक आहे. ती आधीपासूनच होती.'

बाईंनी चष्मा लावून वाचलं. "पुस्तकात का ठेवला, ते राहिलं."

अध्यक्षांनी कागद परत ओढून घेतला आणि खाली लिहिलं, 'डबी विसरलो.'

मग उठून त्यांनी विचारलं, "बाई, असे किती आहेत?"

"दोन हजार तीनशे सत्तेचाळीस. आता अठ्ठेचाळीस."

एकोणीस फायली टेबलावर आल्या. अध्यक्ष एकेक पाकीट उघडत गेले, भिंगातून बघत गेले. किडा, तारीख, जागा, पीक, साक्षीदाराची सही. सत्तावीस वर्षं, या सगळ्या मुलखातली, एका आठवड्याचाही खंड नाही. जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाने हे ठरवून केलं नसतं, कारण असं ठरवायला जो चिकटपणा लागतो तो फक्त रागावलेल्या बाईकडे असतो. ते टॅबवाल्यांकडे वळून म्हणाले, "शोधा बरं हे." टॅबवाल्यांनी शोधलं. बराच वेळ शोधलं. मग टॅब पालथा ठेवला आणि कबूल केलं, "नाही सर. हे इथे नाही." दिवे लावायची वेळ झाली तरी अध्यक्ष हलले नाहीत. शेवटी शिपाईमामांनी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि फायलींना हात लावायच्या आधी हात पुसायला सांगितलं.

खोली राहिली. संगणक दालन खालच्या मजल्यावर, बघूसाहेबांच्या खोलीत झालं. बघूसाहेब जिन्याखाली गेले, जिथे ते पत्र्याचं कपाट होतं. 'बघू' म्हणाले आणि गेले. अध्यक्षांनी आपली चूक स्वतःच छापून आणली. लोक काही दिवस कुजबुजले, मग नियम बदलले आणि लोक दुसरीकडे कुजबुजायला गेले. बाईंनी बावीस वर्षांपूर्वीच्या दाखल्याच्या ग्रंथालयातल्या प्रतीवर नव्याने सही केली, आजच्या तारखेची, आणि यजमानांना घरी येऊन सांगितलं, "शब्द मोडला."

"कळलं," यजमान भिंगातून न पाहताच म्हणाले. "तू घरात शिरताना गुणगुणत होतीस."

चार महिन्यांनी बाई निवृत्त झाल्या. हार, भाषणं, सगळं झालं. भाषणात कुलगुरूंनी खुलाशांची एवढी स्तुती केली की नियम त्यांनीच काढला असं कुणालाही वाटावं. सगळे पांगल्यावर बाई आपल्या नावावरचं शेवटचं पुस्तक परत करायला टेबलाशी आल्या, यावेळी बाहेरच्या बाजूने. आतल्या बाजूला शिपाईमामा होते. मामांनी नियमाप्रमाणे, बाईंच्या डोळ्यांदेखत, पान पान उलटायला सुरुवात केली. एकशे सहाव्या पानावर ते थांबले. पानाच्या बरोबर मधोमध, पाय नीट पसरून, एक काळी मुंगी होती.

मामांनी मुंगीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "बाई, आता?"

"आता काय? नियम तो नियम," बाई म्हणाल्या आणि बुटक्या बाकावर बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि यावेळी त्यांना राग मुळीच आला नव्हता. मामांनी मुंगी पाकिटात घातली, क्रमांक टाकला, कोरा कागद पुढे सरकवला. बाईंनी आपल्या गोल, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'कीटक: काळी मुंगी. ठिकाण: आमच्या स्वयंपाकघराची खिडकी. पीक: लागू नाही. पुस्तकात का ठेवला: मुद्दाम. एवढ्या फायलींत माझा एकही कागद नव्हता.'